मीठ जाणार कुठे, ते आधी ठरव

अगं, परवा फोनवर मी फारसं बोलले नाही, ते तुला लागलं असेल. जावईबापू शेजारीच बसले होते, पोरांचा मागं दंगा चालला होता आणि तू इतक्या हौसेनं सांगत होतीस की मधे तोंड घालवेना. वस्तीवर पंधरा फुटी गोल पूल उभा केलाय, उन्हाळ्यात सगळी भाचरं येणार, आणि आता त्याला मिठाचं मशीन बसवायचं चाललंय. दुकानदार म्हणाला म्हणे, क्लोरीनची कटकट नाही, डोळे झोंबत नाहीत, आणि उन्हाळा सरला की तेच पाणी झाडांना सोडून द्या.

पहिल्या दोन गोष्टींत थोडी समजुतीची चूक आहे, ती बोलून निघेल. तिसरी मात्र तुझ्या रानाच्या मुळावर येईल. माझ्या परसात ते झालंय, म्हणून आज निवांत बसून सांगते.

आधी हे मनातून काढून टाक की मिठाच्या पुलात क्लोरीन नसतं. असतं, आणि अगदी तेच असतं. आपण पाण्यात मीठ विरघळवायचं, ते पाणी पंपानं एका नळकांड्यातून फिरवायचं. त्या नळकांड्यात टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा मुलामा असतो. वीज सोडली की एका पट्टीवर क्लोरीन तयार होतं, दुसरीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. क्लोरीन तिथल्या तिथं पाण्यात विरघळतं, त्याचं हायपोक्लोरस ॲसिड होतं आणि ते जंतू मारतं. तुमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो ना, तिच्यातून पाण्यात उतरतं ते हेच. मी इतकी वर्षं बारावीच्या पोरांना मिठाच्या पाण्याचं विद्युत अपघटन फळ्यावर काढून दाखवतेय. हे मशीन म्हणजे तोच प्रयोग, पंपाला जोडलेला.

डोळे झोंबतात आणि पुलाला तो उग्र वास येतो, तो चांगल्या क्लोरीनमुळे नव्हे. घाम, लघवी, अंगाचा मळ यांच्याशी क्लोरीन जोडलं गेलं की क्लोरामाइन नावाची संयुगं होतात, त्यांचा तो त्रास. मशीन थोडं थोडं क्लोरीन सतत सोडत राहतं, म्हणून हे प्रमाण काबूत राहायला मदत होते, हे खरं. पण तेवढंच काम पोरांना पाण्यात उतरण्याआधी अंग धुवायला लावूनही होतं. बाहेर एक नळ आणि बादली ठेव, इतकं पुरे.

आता मिठाचा हिशोब. तुझ्या पुलात साधारण १७,००० लिटर पाणी मावतं. बहुतेक मशीनना लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ लागतं. तीन ग्रॅमनं धरलं तरी ५१ किलो झालं, म्हणजे पन्नास किलोचं एक पोतं आणि वर किलोभर. जिभेला हे जेमतेम कळतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात आणि आपल्या अश्रूंत ९ ग्रॅम, म्हणून हे पाणी डोळ्याला मऊ लागतं. याच मऊपणाला माणूस भुलतो. खारट लागत नाही म्हणजे खारं नाही, असं वाटायला लागतं.

आणि इथंच सगळी गोम आहे बघ. मीठ संपत नाही. क्लोरीन जंतू मारतं, उन्हानं मोडतं आणि शेवटी पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतं. दुकानदार हेच मोठ्या कौतुकानं सांगतो, एकदा मीठ घाला, परत घालायला नको. बरोबर आहे त्याचं. पण जे संपत नाही ते जातं कुठं? उडालेलं पाणी, फिल्टर धुतलेलं पाणी, शेवटी पूल रिकामा करताना सोडलेलं पाणी, या तिन्हींपैकी पहिल्यात मीठ नसतं. उरलेल्या दोन वाटांनी ते सगळं तुझ्या मातीत उतरतं.

आपली मेलबर्नची आत्येबहीण तिच्या पुलाचं कौतुक करते, तेही तुझ्या डोक्यात असणार. ऑस्ट्रेलियात मिठाचे पूल घरोघरी आहेत, मान्य. पण तिच्या पुलाचं पाणी शहराच्या गटारात जातं. तिच्या कुंपणाला लागून कुणाची द्राक्षबाग नाही.

माझ्या परसातलं सांगते. तू बघितलीस ती न्हाणीघराच्या मागची जागा, तिथं लिंबू होतं, कढीपत्ता होता, पावट्याचा वेल होता. आमचाही पूल असाच, तुझ्यापेक्षा लहान, बारा फुटी. मशीन बसवणाऱ्यानं मलाही हेच सांगितलं होतं की पाणी झाडांना चालतं, क्लोरीन उडून गेलं की साधं पाणीच. मी रसायनशास्त्र शिकवणारी बाई, मला तेव्हाच विचारायला हवं होतं की क्लोरीन उडालं, पण सोडियमचं काय? नाही विचारलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाइप लावला आणि सगळं पाणी लिंबाच्या आळ्यात आणि वाफ्यात सोडलं. पाणी वाया जात नाही, याचंच समाधान.

पंधरा दिवसांत लिंबाची पानं टोकाला तपकिरी झाली. आधी टोक, मग कड, जणू कुणी उदबत्तीनं पानाची कड चटकवत गेलंय. मधली शीर हिरवी, कडा जळालेल्या. मला वाटलं ऊन लागलं असेल. म्हणून आणखी पाणी घातलं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली. आळ्यातली माती वाळली तशी वर पांढरी पापडी आली, नखानं खरवडली तर पिठासारखी. जिभेला लावून बघितली आणि कळून चुकलं. लिंबाच्या जातीला क्लोराइड मुळीच सोसत नाही. ते झाड आईनं लावलेलं होतं, तुला आठवत असेल. पुढच्या उन्हाळ्यात ते वठलं. कढीपत्ता वाचला, पण त्या कोपऱ्यात अजूनही पाणी घातलं की मुरत नाही, वर थटून राहतं.

हे जे थटून राहणं, त्याला तुझे सासरे एका शब्दात नाव सांगतील: चोपण. आपली काळी माती चिकणमातीची. तिच्या कणांना कॅल्शियम धरून असतं, तोवर ती भुसभुशीत राहते, भेगा पडतात, पाणी आत शिरतं. सोडियमचं प्रमाण वाढलं की ते कॅल्शियमला हटवून त्या जागी बसतं, कण सुटे होतात, ओलं असताना लगदा आणि वाळलं की दगड. मग जिप्सम टाका, ताग-धैंचा गाडा, चर काढा, आणि तरी वर्षानुवर्षं वाट बघा. ज्यांनी उसाला पाटपाणी देऊन देऊन रानं चोपण करून घेतली, त्यांना विचार. आपल्याकडे वर्षाला पाऊस तो केवढा, त्यातही दोन पावसांत महिनाभर ताण. कोकणासारखा धो धो पाऊस असता तर मीठ धुऊन तरी गेलं असतं. इथं ते जिथं पडतं तिथंच राहतं.

जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सिंचनाच्या मार्गदर्शनात लिटरला २ ग्रॅमपेक्षा जास्त क्षार असलेलं पाणी सगळ्यात कडक निर्बंधाच्या गटात टाकलंय. तुझ्या पुलात तीन ग्रॅम तर नुसतं वरून घातलेलं मीठच असेल. बोअरच्या पाण्याचे स्वतःचे क्षार वेगळे. ज्वारी त्यातल्या त्यात सोसते, आपल्या मोहोळच्याच संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ या कोरड्या रानांत उगाच टिकून नाही राहिली. पण द्राक्ष अगदी नाजूक. जावईबापूंना एवढंच विचार की बागेला पोटॅश देताना एमओपी सोडून महागाचं एसओपी का आणता? क्लोराइड नको म्हणून. मग वर्षभर पोत्यागणिक जे टाळायचं, ते जूनमध्ये पाइप लावून बागेच्या बांधाला सोडायचं, असं कसं चालेल?

तू म्हणशील, मिठाऐवजी पांढरं पोटॅश घालू, ते तर खतच आहे. काही मशीन त्याच्यावरही चालतात. पण सोडियम गेलं तरी क्लोराइड राहतंच, आणि द्राक्षाला तेच नको आहे. त्या वाटेला जाऊ नकोस.

आता आपल्या पाण्याचं बोलते, कारण मशीनचा खरा शत्रू तेच आहे. तुमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी पांढरी होते. तोच चुना त्या टायटॅनियमच्या पट्ट्यांवर बसतो. वीज जिथं हायड्रोजन सोडते त्या पट्टीजवळ पाणी अल्कधर्मी होतं, म्हणून चुना नेमका तिथं धरतो. नवी मशीन मधूनमधून विजेची दिशा उलटी करून तो झटकतात, पण आपल्या पाण्यापुढं त्यांचंही फारसं चालत नाही. मी आमचं नळकांडं पहिल्यांदा उघडलं ते मे महिन्यात, जेमतेम सहा आठवडे झाले होते. दोन पट्ट्यांमधली फट पूर्ण बुजलेली. चहाच्या जुन्या किटलीच्या तळाला असतो तसा खडबडीत पांढरा थर, आणि हाताला लागली की पापडी तुटायची. पाण्यात क्लोरीन नव्हतं, आणि मशीनवरचा हिरवा दिवा मात्र लागलेला.

त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पुलाचं पाणी दिवसाला साधारण सेंटीमीटरभर खाली जातं. तुझ्या पुलाच्या आकाराला ते दीडशे-पावणेदोनशे लिटर झालं. दोन-अडीच महिन्यांत दहा-बारा हजार लिटर. पाणी उडतं, चुना मागं राहतो, तू वरून पुन्हा बोअरचं पाणी भरतेस, ते आणखी चुना घेऊन येतं. म्हणजे एप्रिलमध्ये जे पाणी जड होतं ते जूनपर्यंत दीडपट-दुप्पट जड होतं. रात्री पुलावर ताडपत्री ओढत जा, हिशोबात बराच फरक पडेल.

पट्ट्या साफ करायची रीत जावईबापूंना शिकवायला नको. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड सोडतात, तेच हायड्रोक्लोरिक ॲसिड, एक वाटी ॲसिडला दहा वाट्या पाणी. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड ओतायचं, उलटं कधीच नाही. हातात मोजे, डोळ्याला चष्मा. पट्ट्या चाकूनं किंवा तारेच्या घासणीनं खरवडायच्या नाहीत, मुलामा गेला की मशीन संपलं. ॲसिडनंही तो झिजतो, म्हणून गरज पडेल तेव्हाच. आणि बाळा, हे नीट ऐक: ॲसिडचा कॅन आणि टीसीएलचं पोतं एका खोलीत ठेवायचं नाही. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. तुमच्या खताच्या खोलीत सगळं एकावर एक रचलेलं मी बघितलंय. उद्याच वेगळं कर.

सांगाड्याचं थोडक्यात. पुलाचे खांब लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले. जोडापाशी जिथं मिठाचं पाणी झिरपून वाळतं, तिथं गंज सुरू होतो. आणि भोवती शहाबादी फरशी टाकायचं म्हणतेयस, ते मिठाच्या पुलाभोवती तरी नको. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. शिंतोडे आत मुरतात, मीठ वाळताना फुगतं आणि पापुद्रे सुटतात. पोरांचे तळवे कापतील. हो, आणि पूल गच्चीवर हलवायचं जे बोलणं चाललं होतं ते कायमचं बंद. सतरा हजार लिटर म्हणजे सतरा टन.

विजेचं मात्र मनावर घे. पुलाचा पंप शेतीपंपाच्या जोडणीवर लावू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडासकट बिल येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्या जोडणीवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का ते वायरमनकडून मोजून घ्या. ओलं अंग, ओली जमीन आणि वस्तीवरची जोडलेली वायर. पोरं पाण्यात असताना पंप बंदच ठेवायचा. तसाही तो चालवायची योग्य वेळ रात्रीची आहे. आपल्या उन्हात उघड्या पाण्यातलं क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक संपतं, सूर्यास्तानंतर केलेलं रात्रभर काम करतं.

आता तू विचारशील, मग क्लोरीन नकोच का? अगं, मुळीच असं नाही. आपण विहिरीत डबा पाठीला बांधून पोहायला शिकलो, पण त्या विहिरीला जिवंत झरे होते आणि रोज मोटेनं, पंपानं पाणी उपसलं जायचं. हे साचलेलं, कोमट, उथळ पाणी आहे. केरळात २०२४ साली अशाच साचलेल्या पाण्यात उतरलेली मुलं अमिबाच्या मेंदूज्वरानं दगावली. क्लोरीन एक दिवसही चुकवायचं नाही.

माझं मत विचारशील तर तुझा पूल होळीपासून पहिल्या पावसापर्यंत चालणार, घरचीच पोरं. त्याला मशीन नको. उन्हात टिकावं म्हणून सुरुवातीला एकदाच अर्धा किलो सायन्युरिक ॲसिड विरघळवून घाल, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. मग रोज संध्याकाळी, पोरं बाहेर आली की, १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन साडेतीनशे मिलीच्या आसपास, बादलीभर पाण्यात मिसळून कडेकडेनं. त्यानं तुझ्या पुलात २ पीपीएम क्लोरीन होतं. सकाळी टेस्ट किटवर बघ, १ ते ३ मध्ये असेल तर पोरांना सोड, पीएच ७.२ ते ७.६ मध्ये. आकडा खाली आला असेल तर संध्याकाळी मात्रा थोडी वाढव. लिक्विडचा मोठा कॅन आणू नकोस, आपल्या उन्हाळ्यात त्याचा जोर लवकर उतरतो. लहान कॅन, सावलीत. यातूनही पाण्यात थोडं मीठ येतं, पण अख्ख्या हंगामात ते पाच-सहा किलोच्या घरात राहतं. एकावन्न किलो कुठं आणि हे कुठं.

पुढं कधी कृषी पर्यटन सुरू केलंत, दर शनिवार-रविवारी पुण्या-सोलापूरची माणसं यायला लागली, तर मशीनचा विचार जरूर कर. तेव्हा पूल पक्का बांधा, आणि त्याआधी त्याच्या पाण्याला बागेपासून, विहिरीपासून, बोअरपासून लांब जाणारी वाट करा. ती वाट कुठली हे कागदावर काढून मला दाखवा, मग मशीन घ्या.

पोरांचं एक राहिलं. पूल जमिनीवर उभा आहे, त्याची शिडी काढता येते, हीच त्याची सगळ्यात मोठी सोय आहे. मोठं माणूस निघालं की शिडी निघाली पाहिजे, आणि ती घरात, कुलपात. धाकट्याला पाणी दिसलं की तो थांबत नाही. आणि पूल आला म्हणून शेततळ्याचं कुंपण विसरू नका. त्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. आपल्या जिल्ह्यात किती घरांत यानं अंधार झालाय, तुला माहीत आहे. तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडून ठेवा.

मशीनची ऑर्डर दिली असशील तर सध्या थांबव. बोअरचं पाणी लिटरभर स्वच्छ बाटलीत भरून मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात दे, क्षारता, सोडियम, क्लोराइड आणि जडपणा तपासून माग. लांबोटीवरून येताना चिवडा आण आणि रिपोर्ट घेऊन थेट माझ्याकडे ये, दोघी बसून वाचू. तोपर्यंत मिठाच्या पोत्याची शिवण उसवू नकोस.